कॅसेटची दुसरी बाजू

२०२५ च्या नोव्हेंबरात आमच्या टीममधली चार पोरं नवी मुंबईला जाऊन आली. रोलिंग लाउड. अमेरिकेत सुरू झालेला हिप-हॉपचा फेस्टिव्हल, पहिल्यांदाच भारतात आलेला. सोमवारी स्टँडअपमध्ये कुणालाच आवाज नव्हता, सगळ्यांचे घसे बसलेले. दुपारी कॅन्टीनमध्ये विषय निघाला की आपला आवडता रॅपर आपला आवडता अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये काही न गाळता, समोर उभा राहून करतोय, असं कुणी पाहिलंय का? एकाने नॅसचं उदाहरण दिलं. १९९४ चा 'इलमॅटिक', आणि २०१४ मध्ये वॉशिंग्टनला अख्ख्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर तो त्याने सादर केला. त्याचा व्हिडिओ बघून हा रडला होता म्हणे.

"तू कुणाचं पाहिलंयस?" मला विचारलं.

मी म्हटलं, मी एप्रिलमध्येच पाहून आलोय. आमच्या गावाला. अल्बमचं नाव 'गाढवाचं लग्न'.

सगळे हसले. मीही हसलो. पण मी खरं सांगत होतो, आणि ते नीट सांगायला कॅन्टीनची पंधरा मिनिटं पुरणार नव्हती. म्हणून हा शनिवार.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, मंचरवरून आत. घरात एक कॅसेट होती. नव्वद मिनिटांची, वर निळ्या पेनने फक्त 'गाढव' लिहिलेलं. १९९६ च्या यात्रेला आमच्या आजोबांनी स्टेजच्या अगदी पुढ्यात टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसून ती भरली होती. माझा जन्म व्हायचा होता तेव्हा. वग म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी, रंगबाजी, आणि शेवटी वग, म्हणजे नाटक. 'गाढवाचं लग्न' हा हरिभाऊ वडगावकरांचा वग. दादू इंदुरीकरांनी त्यातला सावळ्या कुंभार असा काही केला की पुढे प्रत्येक फडाच्या सोंगाड्याला तो करून दाखवावाच लागला. शापाने गाढव झालेला गंधर्व, त्याला पाळणारा सावळ्या, त्याची बायको गंगी, आणि गाढवाला हवी असते राजाची मुलगी. २००७ मध्ये मकरंद अनासपुरेचा सिनेमाही आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तोच पाहिला असेल.

पण आमच्या कॅसेटवरचा सावळ्या वेगळा. जुन्नर भागातल्या एका फडाचा सोंगाड्या. त्याचं नाव इथे लिहीत नाही, फडाचंही नाही. फडात त्याला सगळे मामा म्हणतात, आपणही मामाच म्हणू. चुलत्याच्या टेंपोत ही कॅसेट कायम लावलेली असायची. टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या मार्केटला जाताना मी पुढच्या सीटवर, आणि मामाचा आवाज. चेहरा कधी पाहिलेला नाही, नुसता आवाज. मला तो वग पाठ होता. म्हणजे शब्दच नाही, मधले ढोलकीचे तुकडेसुद्धा, मधला लहान पोराचा रडण्याचा आवाजसुद्धा, आणि आजोबांचा खोकलाही. पुढे हॉस्टेलवर रूममेटने एमिनेम ऐकवला तेव्हा मला ते अजिबात नवीन वाटलं नाही. एवढ्या वेगात, श्वास कुठे घेतो ते कळू न देता, समोरच्याची सालटी काढत यमक जुळवणारा माणूस मी दुसरीत असल्यापासून ऐकत होतो.

या कॅसेटला दोन भोकं होती. (खरी नाहीत हो!)

पहिलं भोक पहिली बाजू संपते तिथे. गाढव पहिल्यांदा माणसासारखं बोलतं, आणि लगेच आजोबांचा आवाज येतो, "हां, आता उलटी करतो." मग खट्. दुसरी बाजू सुरू होते ती हशाने. असा हशा की टेपचा आवाज फाटतो. बाया हसतायत, पोरं किंचाळतायत, कुणीतरी "आई आई गं" म्हणतंय. सावळ्या मात्र एक शब्द बोललेला नाही. लोक कशाला हसले? पंचवीस वर्षं मला हे कळलं नव्हतं. आजोबांना विचारलं की ते फक्त हसायचे. २०११ मध्ये ते गेले.

दुसरं भोक आमच्या वडिलांनी पाडलं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांची तारांबळ उडाली. स्वतः पाचवीनंतर इंग्रजी शिकलेला माणूस आता पहिलीच्या पोरांना इंग्रजी बोलायला शिकवणार! अण्णा रात्री सगळे झोपल्यावर स्वतःचा आवाज टेप करून उच्चार तपासायचे. एका रात्री त्यांनी मशीनमध्ये असेल त्या कॅसेटवर बटण दाबलं. त्यामुळे सावळ्या राजाच्या दरबारात उभा राहून अगदी ऐन रंगात आलेला असताना एकदम शांतता होते, घसा खाकरल्याचा आवाज येतो, आणि आमचे अण्णा अडखळत म्हणतात, "हाऊ डू यू डू. हाऊ... डू यू डू. आय ॲम फाइन." पुढे वीस मिनिटं तेच. वगाचा शेवट गेला तो गेला. आजोबा अण्णांशी दोन दिवस बोलले नव्हते असं आई सांगते.

अण्णांना वाईट वाटलं की नाही देव जाणे. त्यांचा तमाशाला विरोधच होता. यात्रेच्या रात्री आम्हा भावंडांना आत कोंडून ते दाराबाहेर खाट टाकून झोपायचे. "शिकल्या-सवरल्या घरातल्या पोरांनी ते बघायचं नसतं." यात 'ते' म्हणजे नक्की काय हे कधी सांगायचे नाहीत. आता कळतं की त्यात नुसती लावणी नव्हती. कोण नाचतं, कोण ढोलकी वाजवतं, कुठल्या वस्तीतली माणसं फडात असतात, हेही होतं. आजोबा जिथे बिनदिक्कत मांडी घालून बसले तिथे अण्णांना, नुकतीच मास्तरकी लागलेली असताना, बसलेलं दिसायचं नव्हतं. मी त्यांना तेव्हा काही बोललो नाही. आताही बोलत नाही म्हणा.

असो.

आमच्या गावच्या यात्रेला गेली काही वर्षं ऑर्केस्ट्राच येत होता. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे यात्राच नाही, नंतरच्या वर्षी उत्साह बैलगाड्यांचा, कारण २०१४ पासून बंद पडलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली होती. २०२५ च्या बैठकीत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. पुण्याला राहणाऱ्याने यात्रेच्या बैठकीत बोलायचं नसतं, वर्गणी पाठवायची असते. पण म्हटलं, यंदा तमाशा आणा, कमी पडतील ते मी घालतो. मंडळातल्या पोरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जसं काही मी कोबोलमध्ये प्रोजेक्ट करू म्हणालो. शेवटी म्हातारी मंडळी माझ्या बाजूने झाली आणि पाडव्याला आम्ही पाच जण नारायणगावला गेलो.

हे प्रकरण एकदा बघण्यासारखं आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरून तुम्ही नारायणगाव शंभर वेळा ओलांडलं असेल. शिवनेरीला नाहीतर ओझर-लेण्याद्रीला जाताना मिसळ खाल्ली असेल. पण पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. एका रांगेत तंबू, प्रत्येकावर फडमालकाचा भलामोठा फोटो, आत सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि मॅनेजर डायरी उघडून बसलेला. गावोगावच्या यात्रा कमिट्या जीप भरून येतात आणि सुपारी ठरवतात. सुपारी ठरते तिथीवर. चैत्र वद्य अष्टमी, म्हणजे कालाष्टमी, ही भैरवनाथाच्या यात्रांची तिथी. त्या रात्री एकाच फडाला दहा गावं मागतात, आणि भाव असा चढतो की पावसात हिंजवडीतून कॅब बुक केल्यासारखं वाटतं. आदल्या-मागल्या रिकाम्या तिथीला तोच फड जवळपास निम्म्यात. आमची यात्रा अष्टमीचीच. झालं!

आणि हे गाव म्हणजे विठाबाईचं गाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. वडील आणि चुलते भाऊ-बापू, त्यांचाच फड. दिवस भरलेले असताना ती नाचायला उभी राहिली, कळा आल्या म्हणून पडद्यामागे गेली, बाळाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आली, ही गोष्ट इकडे सगळ्यांना माहीत आहे. तिला १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, शेवटची वर्षं हलाखीत गेली, २००२ च्या जानेवारीत ती गेली, आणि २००६ पासून राज्य सरकार तिच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. या क्रमावर मी काही बोलत नाही.

तर राहुटीत मी मॅनेजरला विचारलं, मामा अजून आहेत का?

"हायेत की. बतावणीत दहा मिनटं येत्यात."

"आणि गाढवाचं लग्न?"

मॅनेजर हसला. "सायेब, वग कुठं होतोय आता? धाला पोलीस येत्यात. गण आन् गौळण उरकायची, मग पब्लिकला पिक्चरची गाणी पायजेत. वगाला टाइम कुठला?" नियम २००० सालचा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं, पण ते दिवस आमच्या भैरवनाथासाठी राखून ठेवलेले नसतात. नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या सोसायटीच्या मागच्या लॉनबद्दल रात्री अकराला फोन करणारा मीच आहे. पण जो खेळ रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचा, त्याला दहाला संपवायचं म्हटल्यावर काय कापणार? शेवटचं आणि लांबलचक असेल तेच. वग.

"हजेरीला करू," मॅनेजर म्हणाला. "मामांना सांगतो. पन बघायला मानसं ठिवा."

हजेरी म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फड पुन्हा खेळ करतो ती. उन्हात, लायटींशिवाय. म्हातारी माणसं आणि बारकी पोरं एवढंच पब्लिक.

यात्रेचं सगळं वर्णन करत नाही. मांडवडहाळे, शेरणी, पालखी, घाटावर बैलगाड्यांची बारी, सगळं रीतसर. रात्री तमाशाही झाला. धूर, एलईडी, ऑक्टोपॅड. गौळणीत मावशी पाचच मिनिटं आली. मामा बतावणीत आले, एवढेसे, पांढऱ्या मिशांचे, माइक हातात धरताना हात थोडा थरथरतोय. मी ओळखलंच नाही. मग ते बोलले. अंगावर काटा आला की काय म्हणतात तो आला. टेंपो, क्रेट, डिझेलचा वास, सगळं एकदम. दहा मिनिटं, आणि ते आत गेले. मग 'वन्स मोअर'च्या नोटा, गाणी, आणि साडेदहाला गाडी आली. संपलं.

सकाळी दहाला देवळापुढच्या पारासमोर दीडशे-एक माणसं असतील. तरणी पोरं सगळी घाटावर, दुसऱ्या दिवसाच्या शर्यतीला. ऊन असं की पत्र्याच्या खुर्चीला हात लागत नव्हता. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. ऑक्टोपॅड रात्रीच ट्रकमध्ये गेला होता. आणि वग सुरू झाला.

खरं सांगायचं तर पहिली वीस मिनिटं माझा विरसच झाला. मी ओठ हलवत बसलो होतो, पुढचं वाक्य काय ते मला पाठ होतं ना! आणि मामा ते वाक्यच घेईनात. सावळ्याच्या तोंडी जीएसटी आला, उसात बिबट्या आला, गाढवाचं आधार कार्ड आलं, आमच्या सरपंचांचा नवा बोअर आला (कोरडा गेलेला, हे यांना कुणी सांगितलं?). कॅसेटमधलं एकही वाक्य जागेवर नाही. आवडत्या गायकाने आपलं आवडतं गाणं भलत्याच चालीत म्हणावं तसं. मग हळूहळू लक्षात आलं की १९९६ मध्येही असंच झालं असणार. तेव्हाच्या सरपंचाचा तेव्हाचा बोअर त्या कॅसेटमध्ये आहे आणि मी ते मूळ संहिता म्हणून पाठ करून बसलोय. फडात चालत आलेली असते ती गोष्ट आणि तिची वळणं. वाक्यं त्या त्या गावची, त्या रात्रीची.

मी ओठ हलवायचं बंद केलं. आणि तेव्हा गाढव बोललं.

मामा थांबले. काहीच बोलले नाहीत. गाढवाकडे बघितलं. मग आमच्याकडे. मग डोक्यावरचं मुंडासं काढलं, आत बघितलं, आत कुणी बसून बोललं का म्हणून, आणि ते अगदी सावकाश पुन्हा घातलं. गाढवाच्या मागे गेले, शेपूट उचललं, तिथे कान लावला. ढोलकी बंद. हलगी बंद. पारावर वाळलेली पिंपळाची पानं वाऱ्याने सरकत होती त्याचा आवाज येत होता. शेपूट खाली ठेवलं, दोन पावलं मागे सरकले, हात जोडले, आणि गाढवाला वाकून नमस्कार केला. मग गंगीलाही ओढून नमस्कार करायला लावला. दोन मिनिटं, एक शब्द नाही.

माणसं फुटली. माझ्या शेजारची म्हातारी "आई आई गं" म्हणाली, शप्पथ. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. पंचवीस वर्षं ज्या हशाच्या बाहेर उभा होतो त्यात आता आत होतो. मागे वळून पाहिलं तर देवळाच्या कोपऱ्याशी अण्णा. रिटायर झालेले, डोक्यावर टॉवेल, मोटरसायकलवर बसलेले, इंजिन बंद. कधीपासून होते माहीत नाही. हसत होते का ते एवढ्या लांबून दिसलं नाही.

शेवट या वेळीही नीट मिळाला नाही. साडेबाराला ट्रकवाल्याने हॉर्न मारायला सुरुवात केली. रात्री पुढचं गाव जुन्नरच्या पलीकडे, तिथे स्टेज बांधायचं होतं. राजाचा दरबार आणि लग्न हे सगळं पाच मिनिटांत गुंडाळलं. गंधर्व झालेल्या नटाला कपडेही बदलता आले नाहीत. नारळ, टोपी, टाळ्या.

मी ट्रकपाशी गेलो. मामा सावलीत भाकरी खात बसले होते. मी कॅसेटचं सांगितलं. त्यांनी घास तसाच ठेवला.

"हाय का अजून ती?"

कॅसेट नव्हती, फीत कधीच तुटली. पण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ती कॉम्प्युटरवर घेऊन ठेवली होती. फोनवर होती. त्यांच्या तरुणपणाचं एकही रेकॉर्डिंग त्यांच्याकडे नव्हतं. कुणी केलंच नव्हतं. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. एकदा म्हणाले, "ढोलकी ऐक. हा गेला." थोड्या वेळाने, "गंगी पन गेली." मग स्वतःच्याच एका वाक्याला मान हलवून, "घाई केली इथं. लय घाई करायचो." मी पुढे सरकवत पहिल्या बाजूच्या शेवटाला आलो. आजोबांचा आवाज. खट्. हशा.

"हे कोन?"

"आजोबा. नेमकी इथेच कॅसेट उलटी केली, दोन मिनिटं गेली."

मामा हसले. "गेली न्हाईत. त्यानं बरुबर जागा धरली. तिथं आवाज कुठाय भरायला? त्याला ठाव व्हतं, इथं मी बोलत न्हाई. चांगला जाणकार असनार गडी."

मला काय बोलावं सुचेना म्हणून मी आणखी पुढे सरकवलं. राजाचा दरबार आला. सावळ्या बोलायला लागला. तेवढ्यात पाठीमागे मोटरसायकल थांबली आणि माझ्या लक्षात आलं की आता काय येणार, पण फोन मामांच्या हातात होता.

शांतता. घसा खाकरल्याचा आवाज. "हाऊ डू यू डू."

मामांनी फोनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या अण्णांकडे. अण्णांचा चेहरा लालेलाल. "मीच तो," अण्णा म्हणाले, "चुकून दाबलं गेलं. तुमचा शेवट माझ्यामुळे गेला, मामा."

"हाऊ डू यू डू," फोन पुन्हा म्हणाला.

मामांनी भाकरीचा हात धोतराला पुसला, मुंडासं सारखं केलं आणि राजापुढे उभा असावा तसा सावळ्या फोनपुढे वाकून उभा राहिला. आणि मग अण्णांच्या एकेका इंग्रजी वाक्याला त्याने उत्तर द्यायला सुरुवात केली. ट्रकवर चढलेली पोरं खाली उतरली. ढोलकीवाल्याने स्टेपनीवर ठेका धरला. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला. अण्णा आधी बाजूला बघत होते, मग एका वाक्याला, 'व्हॉट इज युवर फादर' होतं बहुतेक ते, त्यांना राहवलं नाही आणि ते मटकन खाली ट्रकच्या टायरला टेकून बसले, तोंडावर टॉवेल धरून. वीस मिनिटं चाललं ते.

मी रेकॉर्ड करायला हवं होतं. पण फोन मामांच्या हातात होता.